गावात हवामान गट काढायचाय? आधी पावसाची वही उघडा

आमचं पहिलं निवेदन दोन वाक्यांचं होतं. 'हवामान बदलामुळे शेतकरी हवालदिल झाला आहे. तरी शासनाने कठोर धोरण राबवावे, ही नम्र विनंती.' खाली सदतीस सह्या आणि तीन अंगठे. २०२२ च्या जुलैत पुरानं नदीकाठची वावरं खरडून नेली, त्याच्या पुढच्या आठवड्यातली ही गोष्ट. टेबलामागच्या बाबूंनी कागद वाचला, उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे कोणत्या टेबलाले पाठवू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागद तिथंच राहिला, आम्ही चहा पिऊन परत आलो.

आज आमचा अकरा जणांचा गट आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, कापूस-सोयाबीन-तुरीचा पट्टा. आम्ही धोरण बदलून टाकलं असं काही नाही. पण आता आमचा कागद कोणत्या टेबलावर जातो आणि कुठं अडतो हे आम्हाला कळतं, आणि अडला की आम्ही विचारायला जातो. इथवर यायला आमची दोन वर्षं फुकट गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

१. माणसं जमवा, बॅनर नंतर

सात जण पुरेत, पण बघून घ्या. ज्याचं अक्षर वाचता येतं असा एक, ज्याला मोबाइलवर सरकारी संकेतस्थळं उघडता येतात असा एक, बचत गटातल्या निदान दोघी, आशाताई तयार असतील तर उत्तमच, आणि एक म्हातारा माणूस ज्याला गावातल्या विहिरी तोंडपाठ आहेत. विहिरीचं काम करणारा किंवा गुरं चारणारा माणूस गटात असला की निम्मी माहिती घरबसल्या मिळते. आमच्या नाल्याला पूर्वी किती महिने पाणी असायचं, हे आम्हाला गुराख्यानं सांगितलं.

बैठक कुठं घ्यायची? माणसं आधीच जिथं बसतात तिथं. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, ती संपल्यावर अर्धा तास पारावरच बसलो. मी मोठ्या तयारीनं 'हवामान बदल' म्हणून सुरुवात केली आणि पोरांनी मोबाइल काढले. मग एक काकाजी म्हणाले, "महसूल मंडळात अतिवृष्टी लिवली अन् माह्या वावरात ढेकूळ नाही भिजलं. हे काय हाय, ते सांग पह्यले." त्या रात्री दहापर्यंत कोणी उठलं नाही. गटाचा पहिला मुद्दा तोच ठरला, आणि आजही तोच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. त्या घोषणेमागचा अभ्यास गट मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. तिथं अभ्यास गटात विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं होतो. आपल्या गटाचीही हीच मर्यादा ठेवा. गट गावाच्या वतीनं बोलायला लागला की पहिला विरोध गावातूनच येतो.

इथले तीन खड्डे, ज्यांत आम्ही पडलो:

वेळ. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवली की चारच माणसं येतात, आणि चारही बिनकामाची. बायका संध्याकाळी सैपाकात असतात. त्यांना धरून चालायचं असेल तर दुपारची वेळ घ्या.

नोंदणी. कोणीतरी म्हणतंच की आधी संस्था रजिस्टर करू. संस्थेला सात सभासद, घटना, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा, दरवर्षी हिशेब तपासणी असं सगळं लागतं. ठराव मांडायला, निवेदन द्यायला, माहिती मागायला यातलं काहीच लागत नाही. पहिलं वर्ष बिननोंदणीचंच काढा.

निवडणूक. गटातलं कोणी सरपंचपदाला किंवा पंचायत समितीला उभं राहणार असेल तर त्यानं तेवढे दिवस बाजूला बसायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं.

२. पावसाची वही

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकी सगळं यावर उभं राहतं.

नुकसानीचा हिशेब सरकार महसूल मंडळावर करतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. तो मोजतो कोण? मंडळातल्या एखाद्या गावात उभं असलेलं 'महावेध'चं स्वयंचलित यंत्र. मंडळात गावं अनेक, यंत्र एक. आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहेच. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. तेव्हा यंत्राच्या गावात ८० पडला आणि तुमच्याकडे १० पडला, किंवा उलट झालं, तर तुमच्याकडे सांगायला आकडा काय आहे? 'लय पाऊस आला साहेब' हा आकडा नाही.

मोजायचं असं:

बाजारात साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक मिळतो, जमलं तर तोच घ्या. नाही तर सरळ भिंतीची मोठी बाटली घ्या. वरचं निमुळतं तोंड कापून तेच उलटं, फनेलसारखं बसवा. थंड पेयाच्या बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी सिमेंटचा घोळ ओतून सपाट करा आणि सुकल्यावर तिथून शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवा. वाऱ्यानं पडू नये म्हणून विटांच्या चौकटीत ठेवा.

जागा उघडी हवी. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. पहिल्या वर्षी आमचा डबा शाळेच्या पन्हाळीखाली होता. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्याच गावात पडत होता!

वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो. तुम्ही सहाला मोजलं तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि समोरचा अधिकारी एवढ्यावरच वही मिटवेल.

पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहा. मोजायचं राहिलं असेल तर 'मोजला नाही' लिहा. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारच्या रकान्यात त्याच दिवसाचा मंडळाचा आकडा उतरवा. तो कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर रोज मिळतो. आमच्या वहीतली एक ओळ अशी आहे:

'२२ जुलै. आपला डबा ४१. मंडळ ७८. पाऊस रात्री ११ ते १. नाल्याला पूर नाही. वरच्या आळीत तूर पिवळी.'

मोजणारे दोन जण ठेवा, एक गावाला गेला तर दुसरा. आणि मागून भरलेली नोंद कधीही चालवून घेऊ नका. माझ्याच पुतण्यानं एकदा पाच दिवसांचे आकडे एका बैठकीत भरले होते. निळ्या शाईच्या वहीत सलग पाच ओळी काळ्या शाईच्या! ते पान आम्ही फाडलं नाही, त्यावर 'ग्राह्य नाही' लिहिलं आणि दोघांनी सही केली. पुढं एका अधिकाऱ्यांनी वही चाळताना नेमकं तेच पान पाहिलं, आणि त्यानंतर बाकीची वही लक्ष देऊन वाचली.

पावसाशिवाय आणखी तीन नोंदी पुरेत. गावातल्या तीन ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी, वर्षातून तीनदा: दिवाळीनंतर, होळीला आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत. दोरीला हाताहातावर गाठी मारल्या की झालं. दुसरी नोंद दुबार पेरणीची: किती घरांनी केली, किती एकरांत. तिसरी नोंद उन्हाची, पण अंशांची नाही, कामाची. मजूर बाया एप्रिल-मे महिन्यांत किती वाजता वावरातून परततात, मजुरी किती बुडते, सरकारी दवाखान्यात उन्हामुळे किती जण गेले. हा भाग आशाताईंनी सांभाळला आणि तो आमच्या वहीतला सगळ्यात वजनदार भाग निघाला.

अंशांच्या मागे लागू नका, याला कारण आहे. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की संवेदक बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक ४८ च्या आतलाच आहे. आमच्या गटातल्या एकानं तो ५६ चा आकडा तोवर निवेदनात टाकलासुद्धा होता. पाठवायच्या आदल्या रात्री सापडला म्हणून वाचलो. एक खोटा आकडा गेला की बाकीचे खरे आकडेही त्याच्यासोबत जातात.

३. टेबल शोधा

बाबूंच्या प्रश्नाचं उत्तर हे. आपला राग एकच असतो, पण त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्याकडे न्यावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या हातात वार्षिक विकास आराखडा असतो. गावतळ्याचा गाळ, शाळेच्या छतावर सौर पॅनल, बसथांब्यावर सावली, पाणपोई हे सगळं तिथं. 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून चालू आहे, भूमी-जल-वायू-अग्नी-आकाश या पाच तत्त्वांवर गुण मिळतात. तुमची ग्रामपंचायत त्यात असेल तर मागणी त्याच भाषेत मांडा, सचिवांना सोपं जातं. गाव 'पोकरा' या हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीच्या सरकारी प्रकल्पात असेल, तर त्याची गावपातळीवरची समिती असतेच. तिच्या बैठकीत बसा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या धानपट्ट्यात असाल तर माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) हा तुमचा पहिला मुद्दा असायला हवा. आम्हाला तुमचा हेवा वाटतो.

तालुक्यात पंचनामे तहसीलदारांकडे, पीक सल्ला आणि यंत्रांचे प्रश्न तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते, हे गावात सगळ्यांना सांगून ठेवा, नाही तर पंचनाम्याच्या दिवशी भांडणं होतात.

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याची योजना करणं आणि दरवर्षी तिचा आढावा घेणं बंधनकारक आहे. 'उष्णतेच्या लाटेसाठी त्या योजनेत गावपातळीवर काय आहे?' हा प्रश्न तिथं विचारायचा.

राज्यात 'पर्यावरण व वातावरणीय बदल' असा विभागच आहे. खरं धोरण इथं आणि दिल्लीत ठरतं. देशाची हवामान बदलावरची राष्ट्रीय कृती योजना २००८ ची. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन २०२१ च्या ग्लासगो परिषदेत दिलं गेलं. २०७० म्हणजे माझ्या नातवाची पन्नाशी. तोवर दरवर्षी मे महिना येणारच आहे. राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत, २०२१ ते २०२६ या वित्त आयोगाच्या काळात, दुष्काळ, पूर, गारपीट, थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. विदर्भातल्या माणसाला यावर हसावं की रडावं कळत नाही. मात्र यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींवर राज्याला आपल्या आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग खर्चता येतो. म्हणजे मागणीला जागा आहे.

आता पर्जन्यमापकाचं बघा. आमची जुनी मागणी होती, 'पावसाची नोंद अचूक घ्यावी.' नवी अशी: 'केंद्राच्या २०२३ च्या विंड्स कार्यक्रमानुसार ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे आहेत. आमच्या ग्रामपंचायतीत तो कधी बसेल, याची तारीख लेखी द्यावी. दरम्यान सोबत जोडलेल्या १२२ दिवसांच्या नोंदींची मंडळाच्या नोंदींशी पडताळणी करावी.' पहिल्या मागणीला उत्तर आलं नाही. दुसरीला आलं. ते आम्हाला पटलं नाही हा भाग वेगळा.

एक सावधगिरी. तुम्ही धोरण मागायला जाल आणि तुम्हाला झाडं लावायला नेतील. रोपं देतील, फोटो काढतील, पेपरात नाव येईल. झाडं जरूर लावा, पण त्या दिवशी निवेदनाची पोच घेतल्याशिवाय खड्डा खणू नका.

४. ग्रामसभेचा ठराव

सह्यांच्या कागदाला विनंती म्हणतात. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचा आधार असतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचा विषय त्याही आधी, लेखी, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) द्या आणि पोच घ्या. 'ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू' याला हो म्हणू नका. ऐनवेळचे विषय येतात तेव्हा माणसं जेवायला गेलेली असतात.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. पुरी न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. बऱ्याच गावांत हे मुद्दाम होऊ दिलं जातं. दवंडी, लाउडस्पीकर, घरोघर सांगणं, जे करायचं ते गटानं स्वतः करावं. ग्रामसभेआधी महिला सभा होते. विषय तिथून आला तर वजन वाढतं. उन्हातल्या मजुरीचा आमचा ठराव महिला सभेतूनच आला आणि मुख्य सभेत कोणी तोंड उघडलं नाही.

ठरावाचा मजकूर घरून लिहून न्या. आमचा असा होता:

'विषय: उन्हाळ्यातील कामाच्या वेळेबाबत. ठराव: १ एप्रिल ते १५ जून या काळात गावातील रोजगार हमीचे व ग्रामपंचायतीचे कोणतेही मजुरीचे काम सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत घेऊ नये. कामाच्या ठिकाणी सावली, पिण्याचे पाणी व ओआरएस ठेवावे. उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्याच्या दिवशी बुडालेल्या मजुरीसाठी राज्य आपत्ती निधीतून तरतूद व्हावी, अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे पाठवावी. सूचक... अनुमोदक... ठराव सर्वानुमते मंजूर.'

पहिला भाग गावातच अमलात आणता येतो, शेवटचा वर जातो. असे दोन्ही एकत्र ठेवले की ठराव नुसता लोंबकळत राहत नाही.

मोठा खड्डा: हजेरीची सही कोऱ्या पानावर घेतात आणि कार्यवृत्त नंतर लिहितात. सभा संपायच्या आत 'आमचा ठराव वाचून दाखवा' म्हणा. आठवड्याभरात प्रमाणित प्रत मागा. आमचा पहिला ठराव प्रतीत आला तेव्हा 'मंजूर'च्या जागी 'चर्चा करण्यात आली' एवढंच होतं.

गाव पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात असेल, म्हणजे गडचिरोली किंवा मेळघाटाकडचं, किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागातलं, तर ग्रामसभेचे अधिकार याहून पुष्कळ जास्त आहेत. वनहक्क मिळालेल्या गावांना तर जंगलाच्या व्यवस्थापनाचाही अधिकार आहे. तिथल्या माणसांनी आम्हाला शिकवावं.

५. निवेदन आणि पोच

पिशवीत हे हवं:

- ठरावाची प्रमाणित प्रत
- एका पानाचं निवेदन, त्यात एकच विषय, शेवटी 'काय करावे' आणि 'कधीपर्यंत कळवावे'
- वहीच्या संबंधित पानांच्या झेरॉक्स; मूळ वही दाखवायला, द्यायला नाही
- सातबारा आणि गटातल्या दोघांचं आधार, फक्त गरज पडली तर
- निवेदनाची दुसरी प्रत, पोच घ्यायला

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. 'साहेबांच्या हातात द्या ना थेट' असं कोणी प्रेमानं सांगितलं तरी आधी आवक शाखा, मग साहेब. साहेबांची बदली होते, आवक क्रमांकाची होत नाही.

बहुधा महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ (१) (३) चे मनाई आदेश कुठल्या ना कुठल्या सणाच्या निमित्तानं जिल्ह्यात लागू असतात. पाच किंवा जास्त माणसांना विनापरवानगी जमता येत नाही. निवेदनाला चौघांनीच जा. मोर्चा असेल तर ठाण्यात आधी लेखी परवानगी मागा. आचारसंहितेच्या काळात तर घरीच थांबून वही भरा.

आणखी एक. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकशाही दिन असतो, पण तिथं वैयक्तिक गाऱ्हाणी चालतात. सामूहिक धोरणाची मागणी नेली की परत पाठवतात. आम्ही साठ किलोमीटर एसटीनं जाऊन हे शिकलो.

६. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार

महिना-दीड महिना वाट बघा, मग २००५ च्या कायद्याखाली अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नको. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला लागतो. तीस दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाकडे, ज्याची खंडपीठं आपल्याकडे नागपूर आणि अमरावतीला आहेत.

'का' विचारू नका. 'माझ्या निवेदनावर कारवाई का केली नाही?' ही माहिती नव्हे, तक्रार आहे, आणि तसं उत्तर येतं. कागद मागा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या निवेदनाच्या नस्तीवरील सर्व टिपण्यांच्या प्रती. आमच्या मंडळातील पर्जन्यमापक कोणत्या गावात, कोणत्या गट क्रमांकात आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात यंत्र बंद असलेले दिवस.' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हातात आलं तेव्हा पारावर माणसं मावली नव्हती.

७. शेजारी खाण किंवा वीज केंद्र असेल तर

वणी, चंद्रपूर, उमरेड, कोराडी या पट्ट्यातल्या गावांसाठी. नवा किंवा वाढीव प्रकल्प आला की २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस येते, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश ग्रामपंचायतीत असतो. म्हणजे असायला हवा. जाऊन बघा. येता येत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत आधी पाठवा. सुनावणीत बोलायला कोणाचीही शिफारस लागत नाही. शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक असतं. तोवर थांबा, आणि तुमचं म्हणणं चुकीचं लिहिलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या.

आमच्या गावाला खाण नाही, पण वणीकडच्या सोयऱ्यांकडून एक ऐकलंय. गटातल्या अर्ध्या घरांची पोरं त्याच खाणीत कामाला असतात. 'कोळसा बंद करा' म्हणणाऱ्याला पोळ्याला कोणी बोलावत नाही. पाणी, धूळ, राख आणि पुढं खाण संपल्यावर पोरांनी काय करायचं, या क्रमानं बोला.

निवेदनात एक ओळ मात्र सगळ्यांनीच टाकावी: २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये मानला आहे. मूळ खटला राजस्थान-गुजरातच्या माळढोक पक्ष्यांचा आणि विजेच्या तारांचा होता, आणि त्या निकालात तारा जमिनीखालून न्यायचा सरसकट आदेश सैलही झाला. म्हणून ही ओळ दाखवून धमकावू नका, आठवण करून द्या.

८. नागपूरचं अधिवेशन

डिसेंबरात सरकार आपल्या दारात येतं. मोर्चे यशवंत स्टेडियमजवळून निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवले जातात, आणि तिथं रोज इतके मोर्चे असतात की तुमचा कोणता ते तुम्हालाच ओळखू येत नाही. दहा माणसांच्या गटानं तिथं जाऊ नये असं माझं मत. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून दिवाळीच्या आधीच आमदारांच्या स्वीय सहायकांना गाठा, तयार प्रश्न एका कागदावर द्या. शक्यतो दोन वेगळ्या पक्षांच्या आमदारांना द्या. विरोधी पक्षातले विचारतात, सत्तेतले करून घेतात.

९. पैसे

आमचा वर्षाचा खर्च झेरॉक्स, तिकिटं आणि एसटी एवढाच. महिन्याला माणशी वीस रुपये, हिशेब वहीच्या मागच्या पानावर, दर बैठकीत मोठ्यानं वाचायचा. बाहेरून कोणी देणगी देऊ केली तर 'कशासाठी?' विचारा आणि उत्तर सगळ्यांसमोर द्यायला लावा.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. डबा त्याआधी बसवा आणि एकदा तपासून घ्या. डब्याचं तोंड १० सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर औषध मोजायच्या मापानं साडेअठ्ठ्याहत्तर मिलिलिटर पाणी ओता. पट्टीवर बरोबर १० मिलिमीटर दिसायला हवं. नाही दिसलं तर पट्टी सरकवा, पुन्हा ओता.